कमरेचं रिव्हॉल्व्हर उभ्याने नव्हे, बसून ठरवावं

तुमचा प्रश्न नीट वाचला. सराफी पेढी, वय ५२, पोट थोडं पुढे आलेलं, परवाना मिळून दोन वर्षं झाली, हत्यार कानपूरच्या कारखान्याचं ०.३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर. पॅन्टच्या आत पुढे खोचलं तर जांघेत टोचतं, खिशात घातलं तर पॅन्ट खाली ओढली जाते, आणि सोबत घेतलेलं कापडी कव्हर पट्ट्यावर झोके खातं. म्हणून गेले सहा महिने ते हिशेबाच्या वह्यांच्या बॅगेत, नाहीतर गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं. आता शोल्डर होल्स्टर, म्हणजे खांद्यावरून पट्ट्यांनी काखेत लटकणारं हत्याराचं म्यान, मागवू का, असं तुम्ही विचारलंय.

मागवू नका. कारण पुढे येईलच. पण त्याआधी हत्यार बॅगेतून आणि डॅशबोर्डमधून आजच बाहेर काढा. कमरेची सोय होईपर्यंत ते घरच्या तिजोरीत कुलपात राहू द्या. अर्धवट सोयीने बाळगण्यापेक्षा महिनाभर न बाळगलेलं बरं.

मी ३१ वर्षं पोलिस खात्यात काढली, त्यातली बरीचशी साध्या वेशात. निवृत्तीनंतर नव्या परवानाधारकांना हत्यार सुरक्षित हाताळायला शिकवतो. ‘साहेब, कमरेला टोचतं हो’ ही तक्रार मी जितक्यांदा ऐकली तितकी दुसरी कुठलीच नाही. सांगणारा प्रत्येक जण जरा संकोचून सांगतो, जणू ही मामुली गोष्ट आहे. ती मामुली नाही. टोचणारं हत्यार कमरेवर टिकत नाही. आधी बॅगेत जातं, मग ड्रॉवरमध्ये, मग गाडीत. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराची अशीच बॅग लग्नाच्या मांडवात खुर्चीवर राहिली. लक्षात आल्यावर तो धावत परत आला, तेव्हा आठ-दहा वर्षांची दोन पोरं ती उघडून बसली होती. पहिल्या कप्प्यात सुपारीचा डबा आणि चष्मा होता, त्यात ती रमली. दुसऱ्या कप्प्याची चेन उघडायची राहिली, म्हणून त्या दिवशी काही घडलं नाही. तो माणूस निष्काळजी नव्हता. त्याला कमरेला टोचत होतं, एवढंच.

कायद्याचं म्हणणंही समजून घ्या. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच योग्य धारकात असलं पाहिजे, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे, आणि ते बाळगणाऱ्याच्या ताब्यात, म्हणजे खरोखर हाताच्या कह्यात असलं पाहिजे. गाडी बाहेर उभी, हत्यार डॅशबोर्डमध्ये आणि तुम्ही बँकेत, यात ‘ताबा’ कुठे राहिला? आणि शर्टावरून मूठ दिसेल असं मिरवणं हेही त्या नियमाच्या विरुद्धच. लोकांना दिसलं की धाक बसतो, असं काही जणांना वाटतं. धाक बसत नाही. कोणाला आधी गाठायचं हे मात्र समोरच्याला कळतं.

आता मुद्द्याकडे येतो. हत्यार कमरेवर कुठे बसवायचं, हे बहुतेक जण आरशासमोर उभं राहून ठरवतात. उभ्या माणसाला ते कुठेही बसतं. त्रास बसल्यावर सुरू होतो. परदेशातले, मुख्यतः अमेरिकेतले सल्ले वाचून तुम्ही बेंबीच्या उजवीकडे, पॅन्टच्या आत खोचून पाहिलंत. तिथली ती लोकप्रिय जागा आहे आणि तिथल्या जगण्याला ती चालते, कारण तिथला माणूस खुर्ची, सोफा, गाडी आणि कमोड यांवर बसतो. त्याच्या मांड्या पोटाला फारशा भिडत नाहीत. आपला दिवस वेगळा. तुम्ही पेढीवर गादीवर मांडी घालून बसता, लोडाला टेकता, देवासमोर बसता, पंगतीला बसता, भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसता. शरीर इतकं दुमडणाऱ्या माणसाने पोटावर सात इंचांचा लोखंडी तुकडा ठेवला की एक टोक जांघेत आणि दुसरं पोटात जाणारच. त्यात तुमचं पोट पुढे आहे. दोष हत्याराचा नाही, जागेचा आहे.

जागा सांगायला घड्याळाची भाषा सोपी. बेंबी म्हणजे १२, उजवी कड म्हणजे ३, पाठीचा कणा म्हणजे ६. उजवा हात कमरेवर ठेवून अंगठ्याने कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपत मागे जा. हाडाचा उंचवटा संपला की एक उथळ खळगा लागतो. साधारण साडेतीन ते चारच्या दरम्यान. ती तुमची जागा. मांडी घातली तरी तिथे मांडी पोचत नाही, पुढे वाकलात तरी पोट पोचत नाही. आणखी मागे, पाचला नेलंत तर लोडाला टेकल्यावर मूठ पाठीत रुतेल. आणि सहाला, बरोबर कण्यावर, कधीही ठेवू नका, कितीही सपाट बसलं तरी. स्कूटरवरून किंवा जिन्यावरून पाठीवर पडलात तर पाऊण किलो लोखंड आणि जमीन यांच्यामध्ये तुमचा कणा असेल.

दुसरं माप उंचीचं. हे कोणी सांगत नाही आणि गादीवर बसणाऱ्यांचा निम्मा त्रास यातच असतो. तुमच्या रिव्हॉल्व्हरची नळी तीन इंची, एकूण लांबी सात इंचांच्या आसपास. होल्स्टर खाली लोंबत असेल तर तुम्ही गादीवर बसताच नळीचं टोक गादीला टेकतं, अख्खं होल्स्टर वर ढकललं जातं आणि मूठ बरगडीत शिरते. मग माणूस म्हणतो, मूठच टोचते. मूठ टोचत नाही, खालची गादी टोचवते. म्हणून घरी मांडी घालून बसा आणि कोणाला तरी पट्ट्याच्या खालच्या काठापासून गादीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायला सांगा. त्यातून दोन बोटं वजा करा. उरलं तेवढंच होल्स्टर पट्ट्याच्या खाली असावं. बहुतेकांच्या बाबतीत याचा अर्थ असा निघतो, की सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, पट्ट्याच्या रेषेवर किंवा किंचित वर यायला हवा. ते तसंही बरंच आहे. सिलिंडर हा रिव्हॉल्व्हरचा सगळ्यात जाड भाग. तो नेमका पट्ट्याच्या खाली आवळला गेला तर हाडावर गोटा बांधल्यासारखं वाटतं.

पण सिलिंडर वर घेतला की वजनही वर येतं आणि मूठ बाहेरच्या बाजूला कलंडू पाहते. तुमचं कापडी कव्हर झोके खातं ते यामुळेच. रिकामं रिव्हॉल्व्हर ७०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुमच्या भाषेत सत्तर तोळे. त्यावर सहा काडतुसं आणि होल्स्टर धरलं की पाऊण किलोच्या पुढे. हे वजन पेलण्याचं काम होल्स्टरचं नाही, पट्ट्याचं आहे. तुमच्याकडे असतो तसा पातळ, ऑफिसला वापरायचा पट्टा एवढ्या वजनाखाली वळतो. मग माणूस तो एक भोक आणखी आवळतो, पोट दुखतं, आणि शिव्या रिव्हॉल्व्हरला बसतात. पट्टा दीड इंच रुंद, दुहेरी चामड्याचा, दोन्ही कडांना शिवलेला घ्या. एक चाचणी आहे. पट्टा आडवा धरून एका टोकाकडे हातभर अंतरावर दुसरा हात ठेवा आणि मधला भाग कडेवर उभा राहतो का पहा. लगेच पिळून लोळला तर तो पट्टा पॅन्ट सावरायचा, हत्यार पेलायचा नव्हे. मी शिकवलेल्यांपैकी कितीतरी जणांनी होल्स्टर न बदलता नुसता पट्टा बदलला आणि अर्धी तक्रार तिथेच संपली. तुम्हीही खर्च करायचा तर आधी पट्ट्यावर करा.

होल्स्टरबद्दल तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे. पॅन्टच्या बाहेर, पट्ट्यावर, दोन खाचांतून पट्टा ओवून अंगाला घट्ट बसणारं चपटं चामडी होल्स्टर. पॅन्टच्या आतलं होल्स्टर जास्त लपतं हे खरं, पण पोट असलेल्या माणसाला, आपल्या उन्हाळ्यात, दिवसातून दहादा गादीवर उठबस करताना ते सोसत नाही. ज्याला शर्ट आत खोचूनच वावरावं लागतं त्याचा प्रश्न निराळा. तुम्ही बुशशर्ट बाहेर सोडता, मग उगीच पॅन्टच्या आत कोंबायचं कशाला?

दोन खाचांमध्ये अंतर जितकं जास्त, तितकं होल्स्टर कमरेच्या वळणाला लपेटून बसतं. मूठ थोडी पुढे झुकलेली असावी, म्हणजे नळीचं टोक किंचित मागे. शर्टावर ठसा उमटतो तो सिलिंडरचा नव्हे, मुठीच्या खालच्या टोकाचा. मूठ पुढे झुकली की ते टोक बरगडीच्या रेषेत येतं आणि शर्ट सरळ पडतो. होल्स्टरचं तोंड रिव्हॉल्व्हर बाहेर असतानाही उघडं आणि ताठ राहिलं पाहिजे. चाप पूर्ण झाकलेला पाहिजे, एक बोटही आत जाता कामा नये. वरून टिचबटणाची पट्टी असावी, आणि ती घोड्याच्या, म्हणजे काडतुसावर ठोका मारणाऱ्या मागच्या भागाच्या, मागून जावी. कानपूरचं हे जुनं मॉडेल मधून मोडून उघडतं. ते उघडणाऱ्या खटक्यावर पट्टीचा किंवा चामड्याच्या कडेचा दाब येत नाही ना, हे नीट बघा. खटका दाबला गेला तर होल्स्टरमधून काढतानाच हत्यार उघडून काडतुसं जमिनीवर येतील.

सगळ्या हत्यारांना चालेल म्हणून विकतात ती नायलॉनची कव्हरं घेऊ नका. सगळ्यांना बसणारं कव्हर कोणालाच नीट बसत नाही. आणि चामडं वापरून लोळागोळा झालं की तेही बदला. मऊ पडलेल्या तोंडाची घडी चापाच्या कडीत शिरू शकते.

असं होल्स्टर तयार मिळालं तर उत्तम. न मिळालं तर आपल्या भागात बनवून घेणं अवघड नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं. असं वनस्पतीने कमावलेलं चामडं भिजवून साच्यावर दाबून बसवलं आणि सावलीत वाळवलं की तोच आकार धरून राहतं. होल्स्टरला नेमकं तेच हवं. पण कारागिराकडे रिव्हॉल्व्हर घेऊन जायचं नाही, त्याच्याकडे ठेवून तर मुळीच यायचं नाही. परवाना तुमचा आहे, त्याचा नाही. रिव्हॉल्व्हर रिकामं करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात टाका, मग हत्यार जाड कागदावर ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढा. पेढीवर व्हर्निअर असेलच. सिलिंडरची, नळीची, मुठीची जाडी त्यावर मोजून लिहा. त्या मापांवरून सुताराकडून सागाचा लाकडी नमुना करून घ्या. कारागिराला तो द्या. हाच नमुना आधी आठवडाभर नुसता कमरेला लावून वावरलात तर जागा आणि उंची दोन्ही ठरतात, आणि चुकलं तरी काही धोका नाही.

मग शिंप्याकडे जा. आपल्याकडे अजून पॅन्ट शिवून मिळते याचा फायदा घ्या. पट्टा ओवायच्या लुप्प्या रुंद पट्ट्याला पुरतील अशा दोन इंची, दुहेरी कापडाच्या करायला सांगा. नेहमी असतात त्यांखेरीज उजव्या कडेला आणखी एक लुप्पी, नेमकी होल्स्टरच्या दोन खाचांच्या मध्ये येईल अशी. ती होल्स्टरला मागेपुढे सरकू देत नाही. लाकडी नमुना कमरेला लावूनच माप द्या, शिंप्याला सांगा की मोबाइलचं जाड कव्हर आहे. बुशशर्ट नेहमीपेक्षा एक माप सैल, खालची कड सरळ, बाजूची चीर लहान, लांबी पट्ट्याच्या खाली एक वीत. हात वर करून वरच्या फडताळातला डबा काढून बघा. शर्ट वर सरकूनही होल्स्टर झाकलेलं राहिलं तर लांबी बरोबर. कापडाचं म्हणाल तर पातळ टेरिकॉट टाळा, घाम आला की अंगाला चिकटतं आणि सगळा आकार दाखवतं. जाडसर सुती, त्यावर बारीक चौकडी किंवा छापील नक्षी असली की नजर फसते. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट अंगापासून सुटा राहतो म्हणून त्यातही चांगलं लपतं, पण दुपारनंतर तो मऊ पडला की पंचाईत.

वाकताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका. आणि सारखा हात लावून चाचपू नका. साध्या वेशातला नवा शिपाई गर्दीत ओळखू येतो तो त्या चाचपण्यामुळेच. ज्याच्या नजरेला सवय आहे त्याला उंचवटा दिसायची गरज नसते, तुमचा हात सांगतो.

आता शोल्डर होल्स्टर. त्याला वरून कोट किंवा जाकीट लागतंच. एप्रिल-मेमध्ये तुम्ही बंद गळ्याचं जाकीट घालून पेढीवर बसणार आहात का? उकाड्याने काढलंत की सगळा साज उघडा. शिवाय त्याचे पट्टे खांद्यावर काचतात, आणि आडव्या जातीच्या होल्स्टरमध्ये नळीचं तोंड सतत तुमच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे असतं. पेढीवर तुमच्या मागे कोण बसतं? मुनीम, नाहीतर तुमचा मुलगा. दिवसभर गाडी चालवणाऱ्याला, थंड हवेच्या प्रदेशात, त्याचा उपयोग आहे. तुम्हाला नाही.

पायाला बांधायच्या होल्स्टरचं थोडक्यात: ७०० ग्रॅम घोट्यावर घेऊन माणूस लंगडल्यासारखा चालतो, आणि पेढीवर तर तुम्ही चपला काढून बसता. बंडीच्या किंवा झब्ब्याच्या खिशात नुसतं सोडलेलं रिव्हॉल्व्हर मी पुढाऱ्यांच्या माणसांकडे खूप पाहिलं. खाली वाकलं की ते बाहेर घसरतं, आणि त्याच खिशात किल्ल्या असल्या तर त्यांचं टोक चापाच्या कडीत जाऊ शकतं. खिशातच ठेवायचं तर त्या खिशापुरतं बनवलेलं होल्स्टर हवं आणि त्या खिशात दुसरं काहीही नको, रुमालसुद्धा नको. तुमच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा उघडा आहे, तो अस्तरात अडकतो. म्हणून तुमच्यासाठी खिसा बादच धरा. कमरेला पुढे बांधायचा पाऊच मात्र मी सरसकट नाकारत नाही. सकाळी फिरायला जाताना, पायजम्यावर, जिथे पट्टाच नाही, तिथे तो कामाचा आहे. अट एवढी, की हत्याराचा कप्पा स्वतंत्र असावा, आत चाप झाकणारं कडक कव्हर असावं, आणि पैसे किंवा मोबाइल काढायला तो कप्पा कधी उघडावा लागू नये. पाऊच काढून बाजूला ठेवला की ती पुन्हा बॅगच झाली, हे विसरू नका.

गाडीत आपला चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे सीटबेल्टचा कमरेचा पट्टा तुमच्या उजव्या कडेवरूनच येतो. साडेतीन-चारला ठेवलेलं होल्स्टर त्या पट्ट्याच्या मागे राहतं, फक्त बसल्यावर शर्टाची कड बेल्टच्या वर ओढून घ्या, नाहीतर उतरताना शर्ट वर अडकून सगळं उघडं पडतं. सीटच्या कडा फार उंच असतील तर उजवीकडे घडी घातलेला टॉवेल बुडाखाली घ्या, दाब कमी होतो. दुचाकीवर वाऱ्याने शर्ट फुगतो; वरून पातळ विंडचीटर घाला आणि चेन खालपर्यंत लावा. पण खरं सांगायचं तर रोकड घेऊन संध्याकाळी पेढीवरून घरी जायला दुचाकी वापरूच नका. दोन्ही हात हँडलवर असलेल्या माणसाला कमरेच्या रिव्हॉल्व्हरचा काय उपयोग?

संडासाबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. हत्यार हरवण्याच्या, विसरण्याच्या किती घटना तिथे घडतात ते खात्यातला कोणीही सांगेल. एका विश्रामगृहात माझ्या एका सहकाऱ्याने रिव्हॉल्व्हर काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, हात धुतले आणि निघून गेला. वीस मिनिटांनी परतला तेव्हा ते तिथेच होतं. ती वीस मिनिटं तो आयुष्यभर विसरला नाही. नियम एकच: हत्यार होल्स्टरमधून बाहेर काढायचं नाही आणि होल्स्टर पट्ट्यावरून काढायचं नाही. टिचबटण लावलेलं आहे याची खात्री करा. पट्टा सोडल्यावर बक्कल आणि होल्स्टर दोन्ही पुढे, गुडघ्यांच्या मध्ये, पॅन्टच्या घडीत घट्ट धरून बसा. उठताना आधी पट्टा आवळा, मग बाकीचं. खिडकी, फ्लशची टाकी, दारामागचा खुंटा या तिन्ही जागा वर्ज्य.

हलकं हत्यार घेऊ का, असा तुमचा शेवटचा उपप्रश्न होता. कानपूरचंच ‘निर्भीक’ २०१४ साली आलं, त्याचं वजन सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास. ईशापूरचं ०.२२ बोअरचं ‘निडर’ तर २५० ग्रॅमचं. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेलं ‘प्रबल’ वजनाने तुमच्याइतकंच, पण त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो, त्यामुळे भरणं-रिकामं करणं सोपं. ‘निर्भीक’शी असलेला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचा फरक खिशात जाणवतो, चांगल्या पट्ट्यावर फारसा जाणवत नाही. हलक्या हत्याराचा धक्का हाताला जास्त बसतो, आणि धक्का बसला की माणूस सराव टाळतो. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणून दुसरी जागा घाईने भरू नका. आधी आहे ते नीट बसवून पहा.

घामाचं आणि पावसाचं मात्र मनावर घ्या. कमरेवरचं हत्यार रोज घामात भिजतं. अंगाकडच्या बाजूला होल्स्टरचं चामडं मुठीपर्यंत वर आलेलं असेल तर घाम थेट लोखंडाला लागत नाही आणि कातडीलाही घोडा घासत नाही. तसं शिवून घ्या. रात्री रिव्हॉल्व्हर रिकामं करून होल्स्टरमधून काढा, कोरड्या कापडाने पुसा, तेलाचा हलका हात फिरवा, होल्स्टर वाऱ्यावर टांगा. चामड्यात ठेवूनच तिजोरीत टाकलं तर पावसाळ्यात चार दिवसांत नळीवर तांबूस ठिपके दिसतील. काडतुसांचंही तसंच. पितळेच्या भांड्यात दही कळकतं, तशी चामड्याच्या पट्टीत महिनोन्‌महिने राहिलेली काडतुसं हिरवी पडतात आणि सिलिंडरमध्ये अडकून बसतात. जास्तीची काडतुसं प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत, डाव्या खिशात ठेवा. डावीकडे थोडं वजन आलं की कमरही एका बाजूला ओढल्यासारखी वाटत नाही.

तुमचं हत्यार किती जुनं आहे त्यावर आणखी एक गोष्ट अवलंबून आहे. घोड्यावर बाहेरून आघात झाला तर काडतुसावर ठोका बसू नये अशी आतली आडकाठी त्यात आहे का, हे परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून तपासून घ्या. नसेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच काडतुसं भरा. सहावं काडतूस कमी असण्याची काळजी करू नका. दगडी पायरीवर हत्यार पडण्याची करा.

हे सगळं जमल्यावरही लगेच भरलेलं हत्यार घेऊन बाहेर पडू नका. पहिले पंधरा दिवस रिकामं, फक्त घरात. काडतुसं वेगळ्या खोलीत कुलपात. जेवायला बसा, पूजेला बसा, जिना चढा, नातवाला उचलून घ्या, दुपारी आडवे व्हा. कुठे टोचतं, कुठे सरकतं ते वहीत लिहा. पहिले तीन दिवस कमरेला काहीतरी लटकतंय असं सतत वाटेल, ते आपोआप जातं. पण एकाच जागी कातडी लाल होत असेल तर सवयीची वाट पाहू नका. होल्स्टर अर्धा इंच पुढेमागे घ्या किंवा ती कड कारागिराकडून तासून घ्या. सवयीने कंटाळा जातो, घासलेली कातडी बरी होत नाही.

आणि बाहेर पडायच्या आधी दिवसाचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. कोर्टात तारीख आहे, मोठ्या देवस्थानाला जायचंय, मॉलमध्ये मुलांबरोबर जायचंय, तर दारात तपासणी होणार आणि हत्यार कुठे ठेवायचं हा प्रश्न येणार. ते गाडीत ठेवणं हे उत्तर नाही. अशा दिवशी ते घरच्या तिजोरीतच राहू द्या. लग्नाकार्यात, जिथे दारू आहे तिथे, मिरवणुकीत, नेऊ नका. आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडणं हा २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि ‘एकदा बघू दे ना’ म्हणणारा मेव्हणा प्रत्येक मांडवात असतो. परवान्याच्या पुस्तिकेवर कुठल्या क्षेत्रापुरता तो चालतो ते लिहिलेलं असतं. लग्नासाठी बेळगावला किंवा हैदराबादला जायच्या आधी ते पान उघडून वाचा. पुस्तिका सोबत ठेवा, पण होल्स्टरच्या बाजूच्या खिशात नको. नाक्यावर पोलिसाने परवाना मागितला आणि तुमचा हात शर्टाखाली उजवीकडे गेला, तर त्याला काय वाटेल? डाव्या छातीच्या खिशात ठेवा. आधी तोंडाने सांगा, परवान्याचं हत्यार उजव्या कमरेला आहे, मग हात हलवा.

पट्टा आणि लाकडी नमुना झाला की मांडी घालून बसल्यावरचं ते माप, पट्ट्याच्या खालच्या काठापासून गादीपर्यंतचं, मला कळवा. नळी तीन इंची आहे हे गृहीत धरून होल्स्टरच्या खाचा किती खाली कापायच्या, ते कारागिराला देण्यासारखं कागदावर काढून देतो.